शंका कुणाच्या बाजूची?

१ जानेवारी २०२५ रोजी अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियममध्ये ॲरिझोना स्टेट आणि टेक्सास या दोन विद्यापीठांचे अमेरिकन फुटबॉलचे संघ २४-२४ अशा बरोबरीत होते आणि सामना संपायला मिनिटभराचाच अवधी उरला होता. तिसऱ्या डाऊनवर, म्हणजे चारांपैकी तिसऱ्या प्रयत्नात, पंधरा यार्डांची गरज असताना ॲरिझोना स्टेटचा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) मेलक्वान स्टोव्हॉल याने चेंडू झेलला, आणि त्याला सावरायला क्षणभरही न मिळता टेक्सासचा मायकेल टाफ त्याच्यावर येऊन आदळला. हेल्मेटवर हेल्मेट आपटले, स्टोव्हॉल कोसळला आणि बराच वेळ उठला नाही. पंचांपैकी कुणीही नियमभंगाचा पिवळा रुमाल टाकला नाही. मग रिप्लेसाठी खेळ थांबला, तोच क्षण पुन्हा पुन्हा, संथ गतीने, वेगवेगळ्या कोनांतून पडद्यावर आला, आणि अखेर मुख्य पंचांनी माइकवरून जाहीर केले की टार्गेटिंग, म्हणजे डोक्याने किंवा डोक्यावर केलेला बेकायदा आघात, झालेले नाही. ते झाले असे ठरले असते, तर ॲरिझोना स्टेटला पंधरा यार्ड आणि नवा पहिला डाऊन मिळून त्यांची चढाई टेक्सासच्या हद्दीतून पुढे चालू राहिली असती. त्याऐवजी त्यांना चेंडू पंट करून, म्हणजे लांब लाथाडून, टेक्सासला सोडून द्यावा लागला. दोन जादा डावांनंतर टेक्सासने सामना ३९-३१ असा जिंकला.

मी ॲरिझोनात, हे विद्यापीठ ज्या टेंपीत आहे त्याच्या शेजारच्या चँडलर गावात राहते. मुलगा ॲरिझोना स्टेटमध्ये शिकायला लागला, त्याच्याबरोबर हा संघ आमच्या घरात शिरला आणि मुलापेक्षा मलाच अधिक चिकटला. माझे माहेर कोल्हापूरचे. तिथे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना असला की पेठांमध्ये दुसरा विषय नसायचा. त्यामुळे खांदे फुगवलेल्या, शिरस्त्राणे घातलेल्या मुलांचा हा हातांनी खेळायचा फुटबॉल मला सुरुवातीला फुटबॉल वाटलाच नाही. परंतु आपल्या गल्लीच्या संघासाठी जीव टाकणे आणि पंचांच्या नावाने बोटे मोडणे, या दोन गोष्टी मला नव्याने शिकाव्या लागल्या नाहीत.

त्या हंगामाचे कौतुक मोठे होते. हंगामापूर्वी बिग ट्वेल्व्ह या कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटाच्या, सोळा संघांत ज्याला शेवटचा क्रमांक दिला गेला होता, त्याच संघाने डिसेंबरमध्ये आयोवा स्टेटला ४५-१९ असे हरवून कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळवले आणि राष्ट्रीय प्लेऑफमध्ये, म्हणजे देशाचा विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत, पहिल्यांदाच पाऊल ठेवले. (त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टेक्सास बिग ट्वेल्व्ह सोडून एसईसी या अधिक श्रीमंत कॉन्फरन्समध्ये गेले होते आणि ॲरिझोना स्टेट बिग ट्वेल्व्हमध्ये आले होते, त्यामुळे आमच्याकडे या सामन्याला थोडा भाऊबंदकीचाही रंग होता.) अटलांटात चौथ्या सत्रात २४-८ अशा पिछाडीवरून कॅम स्कॅटबो नावाच्या बैलासारख्या धावणाऱ्या मुलाने सामना बरोबरीत ओढून आणला. अशा चढाईनंतर तो निकाल आला, म्हणून तो अधिक झोंबला, हे मान्य केलेच पाहिजे.

तरी माझ्या रागाचे खरे कारण त्या एका निकालात नव्हते. याच सामन्याच्या पूर्वार्धात आमचा बचावपटू शमारी सिमन्स खेळू शकला नव्हता, कारण आयोवा स्टेटविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या उत्तरार्धात त्याच्यावर टार्गेटिंगचा ठपका आला होता आणि त्या हंगामाच्या नियमानुसार उत्तरार्धात बाहेर काढलेल्या खेळाडूला पुढच्या सामन्याचा पूर्वार्धही गमवावा लागे. म्हणजे एकाच महिन्यात, एकाच नियमाखाली, एका धडकेसाठी आमच्या मुलाने वर्षातला सर्वांत मोठा सामना अर्धा बाकावर काढला, आणि दुसऱ्या धडकेत आमचाच मुलगा जमिनीवर पडला तेव्हा काहीच घडले नाही असे ठरले. या दोन धडका शेजारी शेजारी ठेवून त्यांतला फरक मला कुणी समजावून सांगितला असता, तर मी कदाचित तो मान्यही केला असता. सामन्यानंतर प्रशिक्षक केनी डिलिंगहॅम यांनी टार्गेटिंग म्हणजे नेमके काय हे आपल्याला कळत नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. लाखो डॉलर वेतन घेणाऱ्या, दिवसरात्र याच खेळात बुडालेल्या माणसाला जे कळत नाही, ते घरी टीव्हीसमोर बसलेल्या बाईला कळावे, अशी अपेक्षा कोण करील?

म्हणून मी नियमच वाचायला घेतला. तो वाचण्यासारखा आहे, कारण त्याच्यात दोन वेगळ्या माणसांचे हस्ताक्षर दिसते. २००८ साली विद्यापीठीय फुटबॉलमध्ये टार्गेटिंग हा स्वतंत्र गुन्हा झाला. त्याचे दोन भाग आहेत. हेल्मेटच्या माथ्याने कुणालाही जोराने धडक देणे हा पहिला, आणि जो स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत नाही, अशा खेळाडूच्या डोक्यावर किंवा मानेवर हेल्मेट, खांदा, कोपर, मूठ यांपैकी कशानेही जोराने आघात करणे हा दुसरा. शिवाय उडी घेऊन झेपावणे, दबा धरून वर उसळणे, डोके खाली घालून घुसणे अशी काहीतरी ‘खूण’ त्या कृतीत दिसली पाहिजे. हेल्मेटचा माथा म्हणजे कोणता भाग, हा वाद इतका वाढला की अखेर शिखरबिंदूपासून सहा इंच त्रिज्येचे वर्तुळ, अशी त्याची व्याख्या करावी लागली. पूर्ण वेगाने धावणाऱ्या दोन देहांच्या टकरीत ते वर्तुळ मोजायचे काम ज्या पंचांकडे आहे, त्यांतले बहुतेक जण आठवडाभर दुसरीच नोकरी करून शनिवारी मैदानात उतरतात.

२०१३ साली दंड वाढला आणि दोषी ठरलेल्या खेळाडूला सामन्यातून बाहेर काढणे सक्तीचे झाले. त्या पहिल्या वर्षी तर असा विलक्षण प्रकार होता की रिप्लेमध्ये खेळाडू निर्दोष ठरला तर तो मैदानावर राही, पण पंधरा यार्डांचा दंड मात्र कायम राही. गुन्हा झालेला नाही, परंतु शिक्षा झालीच पाहिजे, असा हा न्याय पुढच्या वर्षी बदलला. २०१९ साली आणखी एक बदल झाला आणि माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ त्यात आहे. तोपर्यंत रिप्लेचे तीन निकाल संभवत होते: निर्णयाला दुजोरा, निर्णय रद्द, किंवा पुरेसा पुरावा नसल्यामुळे मैदानावरचा निर्णय कायम. त्या वर्षापासून टार्गेटिंगपुरता तिसरा निकाल काढून टाकण्यात आला. आता नियमातल्या सर्व घटकांची खात्री पटली तरच दोष सिद्ध होतो, आणि एकाही घटकाची खात्री पटली नाही तर तो रद्द होतो.

वरवर पाहता हे खेळाडूच्या हिताचेच आहे. सामन्यातून हाकलण्याइतकी मोठी शिक्षा द्यायची तर खात्री हवीच. परंतु त्याच नियमात मैदानावरच्या पंचांना अगदी उलट सूचना आहे: शंका असेल तर तो गुन्हा समजा. म्हणजे गवतावर उभ्या असलेल्या माणसाने शंका आली की रुमाल टाकायचा, आणि वर काचेच्या खोलीत रिप्ले पाहत बसलेल्या माणसाने शंका आली की तो उचलून परत द्यायचा. दोघेही नियमाने वागतात, दोघेही प्रामाणिक असतात, आणि दोघांच्या मधे जो बसतो तो चाहता वेडा होतो. आपल्याकडे गल्लीतल्या क्रिकेटमध्येसुद्धा शंकेचा फायदा फलंदाजाला, हे पोरांना कुणी शिकवावे लागत नाही. त्यावरून भांडणे होतात, पण शंका कुणाच्या बाजूची आहे यावरून होत नाहीत. इथे शंकेचा मालक जिना चढताना बदलतो.

आमच्या शेजारी ओहायोतून निवृत्तीनंतर इथे आलेले एक गृहस्थ राहतात. त्यांच्या अंगणात बारा महिने ओहायो स्टेटचा झेंडा असतो. त्यांच्यासमोर अटलांटाच्या सामन्याबद्दल गाऱ्हाणे मांडले, तेव्हा त्यांनी सहानुभूती दाखवली नाही, उलट आपली यादी काढली. डिसेंबर २०१९ मध्ये इथल्याच ग्लेनडेलमध्ये झालेल्या फिएस्टा बोल या प्लेऑफच्या सामन्यात ओहायो स्टेट १६-० असे पुढे होते. त्यांच्या शॉन वेडने क्लेम्सनच्या ट्रेव्हर लॉरेन्सला पाडले, आणि रिप्लेनंतर ते टार्गेटिंग ठरून वेडला बाहेर जावे लागले. जी चढाई थांबली असती ती पुढे चालू राहिली, क्लेम्सनने तिच्यातून टचडाऊन केला आणि शेवटी सामना २९-२३ असा जिंकला. तीन वर्षांनी, ३१ डिसेंबर २०२२ रोजी, अटलांटाच्या याच स्टेडियममध्ये जॉर्जियाच्या जॅव्हॉन बुलर्डने ओहायो स्टेटच्या मार्व्हिन हॅरिसन ज्युनियरला एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुण मिळवण्याच्या पट्ट्यात, अशी धडक दिली की तो मेंदूला धक्का बसून उरलेल्या सामन्यात परतलाच नाही. तिथे रुमाल पडला होता. रिप्लेने तो रद्द केला. जॉर्जिया ४२-४१ असे जिंकले. एकदा गुन्हा ठरून आम्ही हरलो आणि एकदा गुन्हा न ठरून हरलो, असे ते म्हणाले, आणि त्यांच्या सुरात राग नव्हता, एक प्रकारचा अभिमानच होता. जुन्या चाहत्यांना अन्याय जपून ठेवायची सवय असते, त्यांना तो सोडवत नाही.

मात्र त्यांच्या यादीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वेडची धडक त्यांच्या मते अगदी निर्दोष होती आणि बुलर्डची सरळसरळ गुन्हेगारी. मी दोन्ही पाहिल्या. मला क्रम उलटा वाटला नाही, पण अंतर ते सांगतात तेवढेही दिसले नाही. मग मनात आले की टाफने स्टोव्हॉलला दिलेली धडक मी टेक्सासच्या ऑस्टिन शहरात राहून पाहिली असती, तर मला काय दिसले असते? टाफ हा शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला, स्वतःच्या कष्टाने वर चढलेला, तिथल्या लोकांचा लाडका मुलगा. तिथल्या आयांना त्याच्या धडकेत बहुधा नुसती घाई दिसली असेल, कारण चेंडू झेलणारा माणूस खाली वाकत असताना आपले डोके कुठे ठेवायचे हे ठरवायला त्याला सेकंदाचा लहानसा तुकडा मिळाला होता.

याची तपासणी फार पूर्वी झालेली आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांत एक अतिशय रांगडा सामना झाला. प्रिन्स्टनचा नामांकित खेळाडू डिक काझमायर नाक मोडून बाहेर गेला, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. आल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याचे तेच चित्रीकरण दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे सरासरी ४.३ नियमभंग दिसले, आणि प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना त्याच डार्टमथचे ९.८. कुणी खोटे बोलत नव्हते. १९५४ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानंतर कॅमेरे कितीतरी पटींनी वाढले, परंतु डोळे तेच राहिले. संथ गतीच्या चित्रीकरणाने तर भलताच परिणाम होतो. जे अर्ध्या श्वासात घडले ते सावकाश पाहताना, खेळाडूने विचार करून, ठरवून डोके घातले असे वाटू लागते.

म्हणून चाहत्याच्या रागाला पुरावा मानता येत नाही, माझ्या रागालाही नाही. पण म्हणून तो निराधारही ठरत नाही, कारण या खेळाची रचनाच शंकेला खतपाणी घालणारी आहे. नियमांचे पुस्तक सगळ्या देशासाठी एक आहे. पंच मात्र कॉन्फरन्सचे आहेत. त्यांना नेमते, शिकवते, गुण देते ती कॉन्फरन्स, आणि त्याच कॉन्फरन्सचे उत्पन्न तिचे संघ किती पुढे जातात यावर बरेचसे अवलंबून असते. २०१८ साली लुइझियाना स्टेटच्या डेव्हिन व्हाइटला मिसिसिपी स्टेटविरुद्धच्या सामन्यात टार्गेटिंगबद्दल बाहेर काढले गेले आणि त्यामुळे पुढच्या, म्हणजे अलाबामाविरुद्धच्या सामन्याच्या पूर्वार्धाला त्याला मुकावे लागणार होते. तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढून एसईसीचे मुख्यालय असलेल्या बर्मिंगहॅम शहरात ‘डेव्हिन व्हाइटला सोडा’ अशा अर्थाचे मोठमोठे फलक लावले, आणि बिल क्लिंटन यांच्या निवडणुकीचे सूत्रधार म्हणून गाजलेले जेम्स कार्व्हिल यांनी कॉन्फरन्स अलाबामाच्या बाजूने झुकलेली आहे, असा लेखच लिहिला. लुइझियाना स्टेट तो सामना २९-० असा हरले, त्यामुळे एका खेळाडूच्या अर्ध्या सामन्याने काही बिघडले असे म्हणवत नाही. कार्व्हिल यांच्या आरोपाला पुरावाही नव्हता. परंतु पंचांचा पगार कुठून येतो हे सर्वांना ठाऊक असताना असा आरोप सुचायला पुराव्याची गरज लागत नाही.

प्लेऑफमध्ये पंच तिसऱ्या कॉन्फरन्सचे असतात. त्याने पक्षपाताचा संशय कमी होतो, पण वर्षभर एका पद्धतीच्या निर्णयांना सरावलेल्या संघापुढे सर्वांत मोठ्या दिवशी दुसऱ्या पद्धतीचे लोक उभे राहतात. अटलांटानंतर बिग ट्वेल्व्हचे आयुक्त ब्रेट यॉर्मार्क यांनी प्लेऑफच्या पंचगिरीसाठी राष्ट्रीय पातळीवरचे समान निकष हवेत, अशी मागणी केली. ती हरलेल्या बाजूने केली, एवढ्यावरून तिची किंमत कमी होत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मागे पडते, आणि ती मागे पडू देणाऱ्यांत मीही बसते. स्टोव्हॉल जमिनीवर होता, त्या मिनिटांत आमच्या घरात पहिला प्रश्न रुमालाचा निघाला, त्याच्या मानेचा नंतर. नियम तर मानेसाठीच आहे. आणि तो फक्त धडक खाणाऱ्याच्या मानेसाठी नाही. १६ ऑक्टोबर २०१० रोजी रटगर्सचा एरिक लग्रँड आर्मीच्या खेळाडूला अडवायला डोके खाली घालून धावला. तो स्वतःच मानेखाली लुळा झाला. धडक देताना मान वाकवली की कणा सरळ रेषेत येतो आणि सगळा दाब त्या मणक्यांवर जातो, हे जोसेफ टॉर्ग या शल्यविशारदांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते. त्यांच्या निष्कर्षांच्या आधारे १९७६ साली शाळा आणि विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये डोक्याने प्रथम धडक देण्यावर बंदी आली. त्यांच्याच नोंदींनुसार मानेच्या दुखापतीने कायमचे पंगुत्व आलेल्या खेळाडूंची संख्या १९७६ च्या हंगामातल्या ३४ वरून १९८४ मध्ये ५ वर आली. गंमत अशी की त्या नियमाखाली रुमाल फारसे पडतच नसत. बदलले होते ते प्रशिक्षकांचे शिकवणे. कुठे डोके ठेवायचे, छाती कशी वर राखायची, हे सरावाच्या मैदानावर रोज सांगितले जाऊ लागले.

हे वाचल्यावर पंचांच्या बाबतीतला माझा आग्रह जरा बदलला. प्रत्येक निर्णय बरोबर असावा ही मागणी भाबडी आहे. परंतु खेळाडूने आपले शरीर वेगळ्या रीतीने वापरायला शिकावे असे वाटत असेल, तर कोणत्या गोष्टीसाठी शिक्षा झाली आणि कोणत्या गोष्टीमुळे झाली नाही, हे त्याला आणि त्याच्या प्रशिक्षकाला कळले पाहिजे. सिमन्स बाकावर का बसला आणि टाफ का बसला नाही, यांतून दहावीच्या वर्गातल्या, शाळेच्या संघात बचावपटू असलेल्या पोराने काय शिकायचे? ‘टार्गेटिंग झालेले नाही’ या वाक्यात शिकण्यासारखे काही नाही.

रग्बीत हे वेगळे चालते. डोक्याला झालेल्या संपर्काबद्दल तिथे पंच ठरावीक प्रश्न क्रमाने, माइकवर, प्रेक्षकांना ऐकू येतील असे विचारतात: डोक्याला संपर्क झाला का, कृती नियमबाह्य होती का, धोका किती होता, आणि तो सौम्य करणारे काही कारण होते का. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी पॅरिसजवळ झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याचे पिवळे कार्ड पुनरावलोकनानंतर लाल झाले, दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी याचे मात्र पिवळेच राहिले, आणि न्यूझीलंड १२-११ असे हरले. न्यूझीलंडचे लोक त्यावर आजही भांडत असतील. पण त्यांचे भांडण ठरावीक प्रश्नांच्या चौकटीत बसते: कोलिसीच्या धडकेत धोका कमी मानला तो योग्य होता का, एवढ्यावर. क्रिकेटमध्येही तिसरा पंच बोलत बोलत निर्णय देतो, आणि चेंडू यष्टीला निसटता लागत असेल तर मैदानावरच्या पंचाचे मत राहील, म्हणजे शंका कुणाच्या पारड्यात पडेल, हे आधीच सांगून ठेवलेले असते. त्यावरही आपण चिडतोच, पण कशावर चिडतो आहोत ते आपल्याला ठाऊक असते.

अटलांटात मुख्य पंचांनी माइक हातात घेतला, तेव्हा त्यांना आणखी एकच वाक्य बोलायचे होते. स्टोव्हॉल बचाव करू शकण्याच्या स्थितीत होता असे वाटले, की डोक्यावरचा आघात जोराचा मानला गेला नाही, की उडी, उसळी, खाली घातलेले डोके यांपैकी एकही खूण दिसली नाही? यांपैकी कोणता घटक सापडला नाही, ते सांगायला दहा सेकंद पुरली असती. मी तरीही ओरडले असते, शेजारच्या गृहस्थांनी आपली यादी तरीही काढली असती. पण डिलिंगहॅम यांना दुसऱ्या दिवशी आपल्या मुलांसमोर ते चित्रीकरण लावून, इथे थांबा, हे बघा, असे म्हणता आले असते.